रायगड एका दिवसात: गडाला समोरून भेटा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरातल्या एका शनिवारी पुण्याहून रायगड करायचा आहे. बरोबर बहात्तर वर्षांचे सासरे, त्यांचा एक गुडघा दुखरा. तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि नवरा-बायको. पायऱ्यांनी जावं की रोपवेने? गडावर किती वेळ लागतो? आणि जमल्यास त्याच दिवशी प्रतापगड होईल का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. प्रतापगड त्या दिवशी मनातूनच काढून टाका. रायगडावरून उतरून महाड, पोलादपूर करत आंबेनळी घाट चढायचा, म्हणजे दुपारचे चार-साडेचार वाजणार. मुलं गाडीत झोपलेली असणार आणि सासऱ्यांचा गुडघा बोलायला लागलेला असणार. मी बावीस वर्षं शाळांच्या आणि ज्येष्ठांच्या सहली रायगडावर नेते आहे. 'दोन्ही गड एका दिवसात' करून आलेल्या माणसांना नंतर कुठला दरवाजा कुठल्या गडावर पाहिला तेही सांगता येत नाही. रायगडाला पूर्ण दिवस द्या.

दुसरं म्हणजे शनिवार शक्य असेल तर बदला. डिसेंबर हा शाळांच्या सहलींचा महिना. शनिवारी-रविवारी एसटीच्या सहलींच्या गाड्या ओळीने लागतात आणि रोपवेची रांग दोन-तीन तासांवर जाते. मंगळवार-बुधवार काढता आला, मुलांची एक दिवसाची शाळा बुडाली, तरी हरकत नाही. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा मात्र पूर्ण टाळा. पुढेमागे उन्हाळ्यात येणार असाल तर ६ जून आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी हे दोन दिवसही ध्यानात ठेवा. राज्याभिषेकाचा सोहळा तारखेने आणि तिथीने असा दोनदा होतो आणि तेव्हा गडावर पाय ठेवायला जागा नसते. सोहळ्यासाठी यायचं असेल तर जरूर यावं, तो अनुभव वेगळाच. पण मुलांना गड दाखवायचा असेल तर तो दिवस नव्हे.

आता पायऱ्या की रोपवे. तुमच्या घरासाठी माझं उत्तर आहे: दोन्ही.

चित् दरवाजापासून वरपर्यंत पायऱ्या दीड हजाराहून जास्त आहेत. सासऱ्यांसाठी तो विषय नाही. नऊ वर्षांचं मूल चढतं, बऱ्याचदा मोठ्यांच्या आधी पोचतं, पण मग वर फिरायला त्याच्यात काही उरत नाही. तेव्हा तुमचे यजमान आणि मुलगी यांनी पायऱ्यांनी चढावं, तुम्ही धाकट्याला आणि सासऱ्यांना घेऊन रोपवेने यावं. चढणाऱ्यांनी सकाळी साडेसातच्या आत पहिली पायरी चढलेली हवी. न घाई करता दोन तास धरा. तेवढ्या वेळात तुमचीही रांग उरकलेली असेल.

चढणारे कुणीतरी असावेत असं मी का म्हणते, ते महादरवाजाशी कळतं. खालून येताना दोन प्रचंड बुरूज दिसतात, एक सुमारे ७५ फूट उंच आणि दुसरा ६५ फूट. पण दरवाजा दिसत नाही. वाट वळते, पुन्हा वळते, आणि अगदी अंगाशी आल्यावर समोर कमान उभी राहते. तोवर आपण दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात आलेले असतो. हीच ती गोमुखी बांधणी. पुस्तकात चित्र काढून ती समजत नाही. धापा टाकत त्या वळणावर पोचलं की तेरा वर्षांच्या मुलीला ती एका क्षणात समजते. कमानीच्या दोन्ही बाजूंना कोरलेली कमळं तिला शोधायला सांगा. आत शिरल्यावर पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत, तिथे पाच मिनिटं बसून पाणी प्यावं. वाट बघत असलात तरी त्यांना फोन करून घाई करू नका. तसाही गडावर फोन सगळीकडे लागत नाही, म्हणून भेटायची जागा आणि वेळ खालीच ठरवा. गंगासागर तलावाचा काठ, दहा वाजता. ही खूण चुकत नाही.

रोपवे हिरकणीवाडीतून निघतो आणि चार-पाच मिनिटांत वर सोडतो. भाडं आणि वेळा बदलत असतात, देखभालीसाठी तो काही दिवस बंदही असतो आणि वारा फार असला तर मध्येच थांबवतात. म्हणून आदल्या दिवशी चौकशी केल्याशिवाय घरातून निघू नका. जाता-येताचं तिकीट एकदम काढा आणि ते सांभाळून ठेवा. पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं, ते किरकोळ आहे. वरच्या स्थानकावर स्वच्छतागृह आहे. पुढे सोय मिळेलच असं धरून चालू नका, सगळ्यांनी तिथेच जाऊन या.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते सांगते. रोपवे तुम्हाला मेणा दरवाजाशी आणून सोडतो. म्हणजे राजवाड्याच्या मागच्या दाराशी, जिथून राणीवशाचे मेणे ये-जा करत. दरवाजातून आत आलात की एका बाजूला ओळीने राणीवशाची जोती लागतात, तिथून चालता चालता माणूस राजवाड्याच्या चौथऱ्यावर येतो आणि तिथून सिंहासनाच्या पाठीशी. लोक सिंहासनाला मागून येऊन भेटतात, मेघडंबरीसमोर फोटो काढतात आणि 'झाला गड' म्हणून परततात. राजाच्या दरबारात आपण माजघरातून शिरलो हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. ज्या माणसाने हा गड बांधला त्याने दारापासून सिंहासनापर्यंतचं पाऊल न् पाऊल विचार करून आखलं होतं. ते उलटं वाचलं तर निम्मं हरवतं.

म्हणून माझा क्रम असा असतो. मेणा दरवाजातून आत आल्यावर राणीवशाजवळ थांबायचं नाही. सरळ चालत दुसऱ्या टोकाच्या पालखी दरवाजातून बाहेर पडायचं आणि ३१ पायऱ्या उतरून गंगासागराच्या काठी यायचं. तिथे ते दोन मनोरे उभे आहेत, बारा कोनांचे. आता तुम्ही राजवाड्याच्या बाहेर आलात आणि पायऱ्यांनी आलेले यजमान आणि मुलगीही हत्ती तलावावरून तिथेच येतील. इथून सगळ्यांचा गड एकत्र सुरू होतो.

सासऱ्यांना मात्र त्या ३१ पायऱ्या उतरवू नका. त्या उंच आहेत आणि दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. त्यांच्यासोबत एका मोठ्या माणसाने राजवाड्यातून सावकाश चालत राजसभेच्या कडेकडेने नगारखान्याकडे यावं. वाट बरीचशी सपाट आहे. सिंहासनाकडे पाहायचं नाही असं त्यांना सांगून ठेवा, ते हसतील आणि ऐकतील. नगारखान्याच्या सावलीत त्यांना बसवा. एक काठी, गुडघ्याचा पट्टा आणि घडीचं स्टूल एवढं बरोबर आणलंत तर त्यांचा दिवस सोपा होईल. गडाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या जगदीश्वराच्या मंदिरापर्यंत जायची त्यांची इच्छा असेल तर सावकाश नेता येतं, फक्त परतीचा चढ हळूहळू घ्यावा लागतो. माझ्याबरोबर ऐंशीच्या आजी गेल्या आहेत, वाटेत चार वेळा बसून.

बाकीच्यांनी आधी लांबचं उरकायचं, कारण त्या बाजूला सावली नाही. गंगासागराकडून शिरकाई देवीचं देऊळ, होळीचा माळ, तिथे महाराजांचा बैठा पुतळा, आणि पुढे बाजारपेठ. दोन्ही बाजूंना बावीस-बावीस जोती, मधून सुमारे चाळीस फूट रुंद रस्ता. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून जोती उंच ठेवली असं सगळे वाटाडे सांगतात. ही दुकानं होतीच का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मुलांना दोन्ही सांगा आणि त्यांनाच विचारा: प्रत्येक जोत्याला पुढची खोली आणि मागच्या खोल्या का असतील? मुलांची उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

बाजारपेठेपासून जगदीश्वराचं मंदिर वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीवर आहे. या देवळात किमान पाऊण तास काढा, गडावरची माझी सगळ्यांत आवडती जागा ही आहे. दाराजवळच्या भिंतीत एक संस्कृत शिलालेख आहे. 'प्रासादो जगदीश्वरस्य' अशी त्याची सुरुवात आहे. हा प्रासाद, विहिरी, तळी, बागा, रस्ते, स्तंभ, गजशाळा, राजवाडे असं सगळं महाराजांच्या आज्ञेने हिराजीने उभं केलं, चंद्र-सूर्य असेतो हे नांदो, असा त्याचा अर्थ. हा हिराजी म्हणजे हिरोजी इंदुलकर. लेखात साल आकड्यांत लिहिलेलं नाही, 'षण्णवबाणभूमि' असं आहे. तुमच्या मुलीला वही काढायला लावा. षट् म्हणजे सहा, नव म्हणजे नऊ, बाण म्हणजे पाच, कारण मदनाचे बाण पाच, आणि भूमी म्हणजे एक. आता हे उजवीकडून डावीकडे लिही: १५९६. हा शक झाला. त्यात ७८ मिळव: १६७४. राज्याभिषेकाचं साल! मी हे आजवर शेकडो मुलांकडून करवून घेतलं आहे आणि बेरीज जुळली की प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तोच आनंद उमटतो.

नंतर पायरीकडे बघा. देवळाच्या प्रवेशाच्या एका पायरीवर छोटी अक्षरं आहेत: 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी'. एवढा गड बांधणाऱ्याने स्वतःचं नाव मराठीत कोरलं ते पायरीवर, जिथे देवाला येणाऱ्या प्रत्येकाचे पाय लागतील. त्या पायरीवर पाय देऊ नका असं मुलांना सांगावं का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. त्याची इच्छा तर पाय लागावेत अशीच असणार. मी काही सांगत नाही, मुलं आपणहून वाकून हात लावतात.

देवळाच्या पूर्वेच्या बाजूला महाराजांची समाधी. ३ एप्रिल १६८०, चैत्र पौर्णिमा. इथे चपला काढून शांत उभं राहावं, एवढंच. ही समाधी पुढे फार वाईट अवस्थेत पडून होती. तिच्या जीर्णोद्धाराचा प्रश्न लोकमान्य टिळकांनी १८९५ मध्ये हाती घेतला, १८९६ मध्ये गडावर पहिला उत्सव झाला आणि प्रत्यक्ष काम व्हायला १९२६ उजाडावं लागलं. सासऱ्यांना हा भाग नक्की आवडेल. हवा स्वच्छ असली तर या बाजूने लिंगाण्याचा सुळका दिसतो, अजून लांबवर राजगड-तोरण्याच्या रेषाही दिसतात. डिसेंबरातली सकाळ त्यासाठी उत्तम.

इथून परत फिरा. टकमक टोक आणि हिरकणीचा बुरूज या दोन्ही ठिकाणी जायचा मोह होईल, पण लहान मूल बरोबर असताना एकच निवडा. मी हिरकणी निवडेन. टकमकाची वाट अरुंद होत जाते, वारा भणाणता असतो आणि गर्दीत मुलाचा हात सुटण्याची मला भीती वाटते. तान्ह्या बाळासाठी काळोखात कडा उतरून गेलेल्या गवळणीची गोष्ट तर तुमच्या मुलांना पाठच असेल. बुरुजावर उभं राहून खाली पाहिलं की त्या गोष्टीतला कडा काय होता ते त्यांना दिसतं. मात्र तो परतीच्या अंगाला आहे, म्हणून दोन वाजता ताकद उरली तरच.

आता होळीच्या माळावरून नगारखान्याच्या पायऱ्या चढा. सासरे तिथे बसलेच आहेत. सगळे एकत्र दरवाजातून आत या आणि समोर बघा. राजसभा २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद. सरळ समोर, पूर्वेकडे तोंड करून, सिंहासनाची जागा. आता तुम्ही तिथे उभे आहात जिथून दरबारात येणारा माणूस महाराजांना पहिल्यांदा पाहत असेल. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याच गडावर १६७४ च्या राज्याभिषेकाला हजर होता. दारात हत्ती पाहून, एवढ्या अवघड वाटेने हे वर आले तरी कसे, असं त्याला नवल वाटलं. लहान असतानाच वर आणून वाढवले असावेत असं सांगतात. धाकट्याला हा प्रश्न आधी घाला आणि उत्तर सांगायची घाई करू नका.

गर्दी कमी असेल तर एकाने सिंहासनाशी जावं आणि एकाने नगारखान्याच्या दारात हळू बोलावं किंवा कागद फाडावा. दोनशे फुटांवर ऐकू येतं. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात राजाला दारातली कुजबुज कळावी अशी ही रचना. शनिवारच्या गोंगाटात हे अनुभवता येत नाही, आडवार निवडा म्हणते ते यासाठीसुद्धा.

सिंहासनाला वंदन करून मगच मागे राजवाड्यात जा, मग राणीवशात. आणि इथे मुलं हमखास विचारणार: 'राजवाडा कुठे आहे?' याची तयारी घरूनच करून या, नाहीतर ती हिरमुसतात. राजस्थानातले महाल पाहिलेल्या मुलांना इथे फक्त जोती दिसतात. त्यांना सांगा, वरचं बांधकाम लाकडाचं होतं. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी पलीकडच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवून गडावर मारा केला. दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणशीबाई तेव्हा गडावर होत्या. वाडे पेटले आणि १० मेला गड पडला. खांबांच्या तळखड्यांकडे बोट दाखवा, दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजायला लावा, मग डोळे मिटून त्यावर छत घालायला सांगा. माझ्या अनुभवात अर्धवट उभ्या भिंतीपेक्षा हे मुलांना जास्त लक्षात राहतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात रायगड आहे. त्यामुळे गर्दी वाढणार, हे धरून चला.

राणीवशाच्या टोकाला पुन्हा मेणा दरवाजा, आणि त्यापलीकडे रोपवे. म्हणजे गड समोरून पाहिला आणि शेवटी सगळे आपोआप रोपवेशी आलो. उतरताना चौघांनी-पाचांनी रोपवेच घ्यावा. चढलेल्यांना पायऱ्यांनीच उतरायचा हट्ट असेल तर एक लक्षात ठेवा: चित् दरवाजा आणि रोपवेचं खालचं स्थानक एका जागी नाहीत. गाडी कुणी कुठे न्यायची ते सकाळीच ठरवा.

जेवण गडावरच करा. वर राहणाऱ्या कुटुंबांच्या घरी पिठलं-भाकरी, ठेचा आणि ताक मिळतं. सकाळी जाताना सांगून ठेवलं की परतेपर्यंत गरम तयार असतं. पाणी माणशी दोन लिटर घ्या, रिकाम्या बाटल्या परत आणा. टोपी हवीच, डिसेंबरातही अकरानंतर ऊन लागतं. हे मी माझ्या चुकीवरून सांगते. पहिल्या काही वर्षांत एकदा पायथ्याशी पोचायला अकरा वाजले आणि तरीही मी मुलांना पायऱ्यांनी चढवलं. महादरवाजाच्या अलीकडे एका मुलीला उन्हाने चक्कर आली, तिला घेऊन तिथूनच परत उतरावं लागलं. तिचा गड राहिला तो माझ्यामुळे. तेव्हापासून नऊनंतर पोचलो तर मी कुणालाही चढवत नाही, सगळे रोपवेने. आणि पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन पायऱ्यांच्या वाटेला जाऊच नका. २०२४ च्या जुलैत ढगफुटीसारख्या पावसाने त्या पायऱ्यांवरून लोंढा वाहिला आणि पर्यटक अडकले होते.

पुण्याहून पहाटे साडेचारला निघा. मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर आणि मग गडाच्या पायथ्याचं पाचाड. वरंध घाटाने महाडकडूनही येता येतं, पण वळणं जास्त आणि मुलांना गाडी लागते. आदल्या संध्याकाळी पाचाडात मुक्काम करता आला तर फारच छान, पहाटेची झोप वाचेल आणि सासऱ्यांची पाठही.

परतताना पाचाडला अर्धा तास थांबा. जिजाऊंचा वाडा आणि समाधी तिथे आहे. गडावरचं वारं मानवत नाही म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी खाली वाडा बांधला असं सांगतात. ६ जूनला त्यांनी लेकाचा राज्याभिषेक पाहिला आणि १७ जूनला त्या गेल्या. समाधीभोवती झाडं आहेत, सावली आहे, फार कुणी थांबत नाही. सासऱ्यांना तिथे निवांत बसता येईल, मुलांना पाय पसरता येतील. चारला तिथून निघालात तर घाटाचा बराचसा भाग उजेडात पार होईल.